कडोलीच्या शेडातल्या नोंदी: फ्लॉवरचा पाला, फुटकी रताळी आणि ब्रॉयलरचं खाद्य

२८ ऑक्टोबर

मागच्या बॅचचा हिशेब आज पुरा झाला. ब्रॉयलर कोंबडीची हजार पिल्लं टाकली होती, ९६० विकली, सरासरी वजन दोन किलो. खाद्याची ६७ पोती संपली. एका पोत्याला २,०५० रुपये धरले तर १ लाख ३७ हजार नुसते खाद्यातच गेले. पिल्लं, तूस, औषध, वीज हे सगळं मिळूनही त्याच्या निम्म्यावर जात नाही.

आमचं शेड कंपनीच्या करारावर नाही. पिल्लं मी विकत घेतो, पक्षी बेळगावच्या चिकनवाल्यांना आणि चोर्ल्यावरून गोव्याला जाणाऱ्या गाडीवाल्याला देतो. हे आधीच सांगतो, कारण करारावर शेड असेल तर खाद्य कंपनीचं असतं आणि त्यात स्वतःचं काही मिसळता येत नाही. त्यांनी खाद्यात टाकाऊ भाजी मिसळायचा हा उद्योग करू नये.

आमच्या कडोलीत कोबी-फ्लॉवर भरपूर. काढणीला फ्लॉवरचा गड्डा जातो आणि पाला बांधावर कुजत पडतो. बाजार समितीच्या (एपीएमसी) यार्डातही सकाळी दहानंतर पाल्याचे ढीग असतात. हे कोंबडीला घालून पोती किती वाचतात ते मोजून बघायचं ठरवलंय. ३० तारखेला पिल्लं येताहेत. त्यातली ६० जाळी लावून वेगळी ठेवणार.

२ नोव्हेंबर

यार्डातून १८० किलो पाला आणला. छोट्या हत्तीचं (छोट्या टेम्पोचं) भाडं ७००, हमालाला १००. पाल्याचे पैसे कोणी घेतले नाहीत. घरी आणून निवडला. कांद्याची पात आणि साली बाजूला काढल्या, कारण कांदा जास्त गेला तर कोंबडीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. हिरवे पडलेले बटाटे फेकले, ते विषारी असतात. कुजके टोमॅटोही फेकले. निवडण्यातच दोन माणसांचे तीन तास गेले.

पाला आख्खाच खळ्यावर ताडपत्रीवर पसरला.

६ नोव्हेंबर

पहिला फटका. काल संध्याकाळी पान हातात घेतलं तर पापडासारखं कुरकुरत होतं, म्हणून पोत्यात भरून शेडच्या माळ्यावर ठेवलं. सकाळी पोत्यात हात घातला तर आत गरम. तोंड सोडलं तशी वाफ आली, आंबूस वास आला. पानं कोरडीच होती, पण मधली जाड शीर रबरासारखी वाकत होती, आणि शिरेच्या कडेने पांढरे तंतू धरले होते.

वाळलेलं साधारण २० किलो होतं, त्यातलं ९ किलो उकिरड्यावर टाकलं. बुरशी आलेलं थोडं चांगल्यात मिसळून चालेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. बुरशीचं विष पक्ष्याच्या यकृतावर जातं आणि वजन घटलेलं दिसायच्या आधी भूक मरते.

हातात राहिलं ११ किलो, खर्च ८००. म्हणजे किलोला ७२ रुपयांच्या वर. मका २५ रुपये किलो चालू आहे.

चूक कळली. पाल्यात शंभरातले जवळजवळ नव्वद भाग पाणी. मी पाण्याचं भाडं भरत होतो.

८ नोव्हेंबर

पिल्लांचा दहावा दिवस. ६० पिल्लं वेगळ्या कप्प्यात घेतली. वाळवणाचा इतका त्रास झाला म्हणून ओला पाला बारीक चिरून सकाळी तीन किलो टाकला. पिल्लं तुटून पडली. आई म्हणाली, "बघ की, कसं खायलीत. गावठी कोंबड्या काय पेंड मागतात होय?" मलाही बरं वाटलं.

१४ नोव्हेंबर

सहा दिवसांत सगळं उलटं झालं. विष्ठा पातळ हिरवी, गादी (खाली अंथरलेला तुसाचा थर) ओली. तूस मुठीत दाबलं की गोळा होतो, सुटत नाही. शेडात वाकून पिल्लाच्या उंचीला नाक नेलं तर डोळ्यांत पाणी आलं, इतका अमोनिया. आपण उभे राहून वास घेतो तेव्हा तो कमी वाटतो. पिल्लू दिवसभर तिथेच असतं.

सकाळी दोन पिल्लं मेलेली, तिघांच्या विष्ठेत रक्त. डॉक्टरांनी मेलेलं पिल्लू उघडून दाखवलं. आतड्याच्या शेवटच्या दोन पिशव्या रक्ताने भरलेल्या. रक्ती हगवण. गादी ओली आणि उबदार झाली की या रोगाचे जंतू तिच्यात जोर धरतात. पाल्याने रोग आणला नाही, पण त्याला हवी तशी गादी मी करून दिली.

दुसरं एक त्यांनी दाखवलं ते कायमचं लक्षात राहिलं. पिल्लाच्या गळ्याची थैली चिरली तर आत हिरवं पाणी आणि चोथा, दाणे चार-पाचच. थैली भरली की पिल्लू खाणं थांबवतं. तीन किलो पाल्यात सुकं जेमतेम ३०० ग्रॅम, आणि तेवढ्यासाठी साठ पिल्लांची भूक मारली. गावठी कोंबडी चार-पाच महिन्यांत दीड किलोची होते, तिला हे चालतं. ब्रॉयलरला सहा आठवड्यांत दोन किलो व्हायचं असतं, त्याच्या थैलीत पाण्याला जागा नाही.

पाण्यातून अ‍ॅम्प्रोलियम पाच दिवस. ओली गादी तीन पोती भरून बाहेर काढली, नवं तूस टाकलं, चुना मिसळून हलवली. औषध आणि तूस मिळून ६४० रुपये. आणखी दोन पिल्लं गेली. ओला पाला बंद.

१९ नोव्हेंबर

२१ वा दिवस, वजन केलं. बाहेरची पिल्लं सरासरी ८८० ग्रॅम, कप्प्यातली ७६०.

शेजारच्या फ्लॉवरच्या मळ्यातून १७० किलो पाला घेतला. यार्डातला आता घेणार नाही. एक तर भाडं, आणि त्याहून मोठं कारण म्हणजे फवारणी. फ्लॉवरवर अळीसाठी आठ-दहा दिवसांआड फवारतात. यार्डातल्या पाल्यावर शेवटची फवारणी कधी झाली हे कोणीच सांगू शकत नाही. शेजारच्या काकांना विचारता येतं. त्यांनी सांगितलं, तीन आठवडे काही मारलं नाही. तरी एकदा पाण्यातून काढला.

या वेळी पाला आधी कडबाकुट्टीत घातला, बोटाच्या पेराएवढे तुकडे केले. शीर चिरली गेली की पानाबरोबरच वाळते. आणि उन्हात न टाकता पत्र्याच्या पडवीत सावलीला, रोज चार वेळा हलवून. उन्हात तपकिरी झाला होता, सावलीत हिरवा राहिला. पक्ष्याच्या पायांना पिवळा रंग देणारं द्रव्य या हिरव्यातच असतं. १७० किलोचे २० किलो झाले. मजुरी आणि दळण धरून किलोला १२ रुपये पडले.

वाळलं की नाही हे बोटाने ठरवायचं नाही. काचेची कोरडी बाटली, त्यात मूठभर वाळलेला माल आणि चमचाभर भाजून कोरडं केलेलं मीठ. दोन-तीन मिनिटं हलवायचं, थोडं थांबायचं. मीठ काचेला चिकटलं तर ओल जास्त, आणखी वाळवा. मीठ खाली पडलं तरच पोत्यात. डॉक्टरांनी सांगितलेली ही युक्ती मला ६ तारखेच्या आधी माहीत असती तर नऊ किलो वाचले असते.

२२ नोव्हेंबर

पाल्याचं पीठ विकतच्या खाद्यात शेकडा १० मिसळून सुरू केलं. सोपं वाटतंय.

३ डिसेंबर

सोपं होतं, पण चुकीचं. विकतचं खाद्य आधीच तोलून केलेलं असतं. त्यात दहा किलो चोथा ओतला की प्रथिनं, तेल, क्षार सगळंच पातळ होतं. पक्षी भरपाई करायला जास्त खातात, वजन मात्र धरत नाहीत. खाद्य वाचलं नाही, उलट वाढलं.

मिसळायचं तर खाद्य स्वतः बनवायला हवं, म्हणजे काय काढलं आणि काय घातलं हे आपल्याला कळतं.

७ डिसेंबर

बेळगुंदीला मेव्हण्यांच्या शेतात रताळ्याची काढणी होती. आमच्या तालुक्याच्या पश्चिमेला, बेळगुंदी-बिजगर्णी-बेक्किनकेरेच्या लाल मातीत रताळी चांगली येतात, ट्रक भरून दिल्ली-इंदूरकडे जातात. व्यापारी आकार बघतो. कुदळीने फुटलेली, बोटाएवढी, वाकडी शेतातच राहतात. थोडी गुरांना जातात, बाकीची कुजतात. एकेका सरीत तसा माल बघून डोक्यात हिशेब सुरू झाला. रताळ्यात पाणी सत्तर टक्के, पाल्याच्या मानाने पुष्कळ कमी, आणि सुकं जे उरतं ते बहुतेक पिठूळ. म्हणजे हे मक्याच्या जागी जाऊ शकतं.

मेव्हणे म्हणाले, "दाजी, न्या की पाहिजे तेवढी. पण कसली नेताय ते बघून न्या." ते बरोबर होतं. सोंड्या भुंग्याने पोखरलेलं रताळं कडू होतं, आणि काळी कूज लागलेलं तर जनावराच्या फुप्फुसाला बाधतं. फुटलेलं चालतं, डागी नाही. निवडताना प्रत्येक रताळं फिरवून बघायचं. भुंग्याचं भोक टाचणीच्या डोक्याएवढं असतं, मातीखाली दिसत नाही.

६० किलो घरी आणली.

१० डिसेंबर

प्रयोगातल्या पहिल्या बॅचची विक्री. बाहेरचे पक्षी सरासरी २.०६ किलो, कप्प्यातले १.७९. साठातले ५६ उरले. पक्ष्यामागे २७० ग्रॅम कमी, १०५ च्या भावाने १,६०० रुपयांच्या आसपास नुकसान, औषधाचे वेगळे.

रताळ्याचंही पहिल्यांदा बिघडलं. घरच्या किसणीवर वेफर्ससारखे काप केले. साठ किलोत बायकोच्या आणि माझ्या अंगठ्याला फोड आले. काप काळ्या प्लॅस्टिकवर पसरले तर खालून घाम सुटला, वरची बाजू वाळली आणि खालची चिकट राहिली. रात्री तसेच ठेवले. डिसेंबरातलं आमच्याकडचं दव म्हणजे सकाळी ताडपत्रीवरून पाणी ओघळतं. दुसऱ्या दिवशी काप काळपट. निम्मे फेकले.

थोडे काप दहा मिनिटं उकडूनही बघितले, कारण कच्च्या रताळ्यात प्रथिनं पचू न देणारा अंश असतो. उकडलेले काप एकमेकांना चिकटले, माश्या बसल्या, वाळायला चार दिवस लागले, जळण वेगळं. प्रमाण कमी ठेवायचं आणि कच्चेच वाळवायचे असं ठरवलं.

१६ डिसेंबर

आता जमलं. बदल तीन. केळ्याच्या वेफर्सवाल्याकडून हाताने फिरवायचं जुनं चक्र उसनं आणलं. काप बेळगुंदीच्या शेतातच केले. आणि वाळवायला जमिनीपासून अडीच फुटांवर बांबूच्या ताट्या, वर शेडनेटचे तुकडे. खालून वारा लागतो, दोन दिवसांत काप मोडला की टक्कन आवाज येतो. ऊन उतरलं की पाच वाजता ताट्या एकावर एक रचून ताडपत्री.

३०० किलोचे ८८ किलो सुके झाले. दोन बायकांची एका दिवसाची मजुरी ७००, म्हणजे सुक्या किलोला ८ रुपये. दळण दोन रुपये. सुका माल मोटरसायकलवर दोन फेऱ्यांत घरी आला. पाणी शेतातच सोडून आलो, याचं मला सगळ्यात समाधान आहे.

२४ डिसेंबर

शेड धुऊन, चुना मारून नवी पिल्लं टाकली. पहिले तीन आठवडे कोणालाच काही वेगळं नाही, विकतचं प्री-स्टार्टर आणि स्टार्टर (लहान पिल्लांचं खाद्य). लहान पिल्लाचं पोट चोथा पचवायला तयार नसतं, हे मागच्या वेळी पैसे देऊन शिकलो. लसी नेहमीच्या वेळेला, सातव्या दिवशी लासोटा (राणीखेत रोगाची), चौदाव्याला गंबोरो रोगाची.

१० जानेवारी

मिश्रण ठरवलं. बाजारात ब्रॉयलरचं कॉन्संट्रेट मिळतं, त्यात सोया, क्षार, जीवनसत्त्वं असतात, आपण मका घालायचा. शंभर किलोचा हिशेब असा.

साधं मिश्रण: मका ६२, कॉन्संट्रेट ३६, तेल २.

आमचं: मका ४०, रताळं १५, पाला ५, कॉन्संट्रेट ३६, सोया पेंड १, तेल ३.

मका २२ किलो कमी केला. मक्यात शेकडा ९ च्या आसपास प्रथिनं, म्हणजे दोन किलो प्रथिनं गेली. रताळ्यात शेकडा ४ धरली तर ६०० ग्रॅम परत आली, पाल्यात शेकडा २० धरली तर एक किलो, सोया पेंडीतून साडेचारशे ग्रॅम. बेरीज जमली. पाल्यात ताकद कमी म्हणून तेल एक किलो वाढवलं. पाला पाचाच्या पुढे नेला नाही, चोथा वाढतो. कॉन्संट्रेटला हात लावला नाही. तिथे काटकसर केली की पायांत आणि पिसांत दिसते.

१४ जानेवारी

संक्रांत, आणि पक्ष्यांचा २२ वा दिवस. पन्नास-पन्नासचे दोन कप्पे, एकात साधं मिश्रण, दुसऱ्यात आमचं. दोन्हीकडे सरासरी ९०० ग्रॅम. बाकी शेड विकतच्या खाद्यावर.

१७ जानेवारी

दुसऱ्या कप्प्यात पक्षी पाण्याकडे जास्त जाताहेत आणि ड्रिंकर (पाण्याची भांडी) पांढरट होताहेत. एक पक्षी धरून चोच उघडली. रताळ्याचं बारीक पीठ थुंकीने भिजून चोचीच्या आत, जिभेच्या दोन्ही बाजूंना गोंदासारखं बसलेलं. नखाने काढावं लागलं. पक्षी पाण्यात चोच धुवायला जात होते.

दोष रताळ्याचा नव्हता, दळणाचा होता. पल्व्हरायझरला (दळायच्या यंत्राला) बारीक चाळणी लावली होती. ४ मिलिमीटरची लावून भरडा केला, तेल आधी रताळ्याच्या भरड्यात चोळलं आणि मग बाकीचं मिसळलं. दोन दिवसांत चोची स्वच्छ. हे तीन दिवस वाया गेले आणि वजनातला फरक बराचसा इथलाच असावा असं मला वाटतं.

२८ जानेवारी

३६ वा दिवस. गादी दोन्ही कप्प्यांत कोरडी. मुठीत दाबून सोडलं की तूस सुटं होतं. नोव्हेंबरचा वास आठवतो म्हणून रोज सकाळी वाकून बघतो.

३ फेब्रुवारी

४२ वा दिवस. साधं मिश्रण २.१५ किलो, आमचं २.११. २२ व्या दिवसानंतर दोन्हीकडे पक्ष्यामागे २.४४ किलो खाद्य गेलं. मर पहिल्यात एक, दुसऱ्यात दोन.

पैशाचं. मका २५, कॉन्संट्रेट ५४, तेल १२५, सोया पेंड ४४. साध्या मिश्रणाचे शंभर किलो ३,७४४ रुपयांना पडले, आमचे ३,५७३ ला. म्हणजे खाद्य किलोला १.७१ रुपये स्वस्त. पण वजन थोडं कमी भरलं, म्हणून खरा हिशेब वाढलेल्या वजनावर करायचा. एक किलो वजन वाढवायला साधं खाद्य ७३ रुपयांचं लागलं, आमचं ७२ चं.

फरक एक रुपया. हजार पक्ष्यांच्या बॅचला अकराशे-बाराशे.

आणि हेच रताळं ३ रुपये किलोने विकत घेऊन, ५०० भाडं देऊन ओलं घरी आणलं असतं, तर सुकं दळून २६ रुपये किलो पडलं असतं. मग आमचं शंभर किलो ३,८१३ ला गेलं असतं, साध्यापेक्षा ६९ रुपये महाग. टाकाऊ माल फुकट असतो, तो पक्ष्याच्या तोंडापर्यंत नेणं फुकट नसतं.

एक गोष्ट हिशेबाबाहेरची. मक्यानेही पाय पिवळे होतात, तो इतका कमी केला म्हणून पाय पांढरे पडतील अशी भीती होती. चिकनवाला पक्षी उचलताना दुसऱ्या कप्प्यापाशी थांबला, पाय उलटेपालटे करून म्हणाला, "अण्णा, ह्यांचे पाय पिवळे जास्त आहेत. गिऱ्हाईक हेच मागतंय, पुढच्या वेळी हे ठेवा." भाव वाढवून दिला नाही, पण आधी तेच उचलले. सावलीत वाळवलेल्या पाल्याचं ते काम.

९ फेब्रुवारी

पूर्ण शेडाला हे करायचं का, यावर घरी दोन दिवस बोलणं झालं. हजार पक्ष्यांना शेवटच्या तीन आठवड्यांत २,३०० किलोच्या आसपास खाद्य लागतं. त्याला सुकं रताळं साडेतीनशे किलो, म्हणजे ओलं बाराशे. सुका पाला ११५ किलो, म्हणजे ओला एक टन. एवढं निवडून, चिरून, हलवून, झाकून हजार-बाराशे रुपये मिळवणं आमच्या घरच्या हातांना परवडत नाही. बायकोने हे आधीच सांगितलं होतं आणि तिचं बरोबर आहे.

तीनशे पक्ष्यांना मात्र परवडतं. तेवढं रताळं मेव्हण्यांच्याच शेतात निघतं, तेवढा पाला शेजारच्या एका मळ्यात. शंभर-दोनशे पक्षी ठेवणाऱ्यांना तर नक्की परवडेल, विशेषतः घरात रताळं पिकत असेल तर. रताळ्याचा हंगाम संपत आलाय, पावसात वाळवण होत नाही, म्हणून जे साठवायचं ते आत्ताच. आजपर्यंत ६० किलो सुके काप जमलेत, माळ्यावर फळ्यांवर ठेवलेत, भिंतीपासून हातभर लांब. दर रविवारी एका पोत्यात मिठाची बाटली.

पुढची पिल्लं १८ ला येताहेत. त्यातली तीनशे आमच्या मिश्रणावर, २२ व्या दिवसापासून, भरडा पहिल्या दिवसापासूनच जाड. वजनातले ते ४० ग्रॅम दळणामुळे गेले की रताळ्यामुळे, ते तेव्हा कळेल. वजनं झाली की इथेच लिहितो.